आदल्या दिवशीची खिडकी

अकरावीला पेशीचक्र शिकवताना माझं एक ठरलेलं वाक्य आहे: "एस अवस्थेत डीएनए दुप्पट होतो." फळ्यावर दोन वेटोळी काढायची, दोनाची चार करायची आणि लगेच पेशीविभाजनाकडे वळायचं, कारण गुण तिथे आहेत. सव्वीस वर्षं हेच चाललंय. इंदूरच्या ऑक्टोबरात, पंखा फिरतोय पण वारा लागत नाही अशा वर्गात, यापलीकडे जायची इच्छा ना मुलांना असते ना मला.

२०२३च्या ऑक्टोबरात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. एरवी वर्षभरात दोनदा बोलेल अशी मुलगी. म्हणाली, "मॅम, इसको पता कैसे चलता है कि ये वाला हिस्सा हो गया?"

मी म्हटलं, "एन्झाइम को पता होता है, बेटा."

ती बसली. मी पुढची आकृती काढली. पण घरी येताना राजेंद्रनगरच्या वळणावर स्कूटर थांबवून पेट्रोल भरतेय तोवर ते वाक्य डोक्यात टोचायला लागलं. विकराला काय डोंबल माहीत असतं? विकर म्हणजे एक रेणू. त्याला आजची तारीख माहीत नसते, आपण कुठल्या गुणसूत्रावर आहोत तेही माहीत नसतं. मी त्या मुलीला उत्तर दिलंच नव्हतं, फक्त खाली बसवलं होतं.

आणि प्रश्न किती मोठा आहे हे हिशेब मांडल्यावर कळलं. आपलं एक नंबरचं गुणसूत्र साधारण २४ कोटी ९० लाख अक्षरांचं. आपल्या पेशीत नक्कल करणारी यंत्रणा मिनिटाला दोनेक हजार अक्षरं पुढे सरकते. अगदी मध्यावर एकाच ठिकाणी सुरुवात केली आणि दोन्ही बाजूंना काम चालू ठेवलं, तरी त्या एका गुणसूत्राला त्रेचाळीस दिवस लागतील. पेशी हे काम आठेक तासांत उरकते. पोटातला ई. कोलाय जिवाणू एकाच आरंभस्थानावरून आपली ४६ लाख अक्षरं चाळीस मिनिटांत संपवतो, पण त्याचा वेगच सेकंदाला हजार अक्षरं. आपल्याला तो वेग नाही. म्हणून आपल्या पेशीत एकाच वेळी नव्हे, पण एकाच सत्रात तीस ते पन्नास हजार ठिकाणी काम सुरू होतं. आता या हजारो ठिकाणांपैकी एखादं चुकून दुसऱ्यांदा सुरू झालं तर तेवढा तुकडा दोनाऐवजी तीनदा, चारदा. एखादी मोठी पट्टी राहून गेली तर विभाजनाच्या वेळी गुणसूत्र ताणून तुटणार. पोरीने विचारलं होतं ते हे.

त्या वर्षी दिवाळी आणि निवडणूक एकमेकींच्या पायात पाय घालून आल्या. भाऊबीज १५ नोव्हेंबरला, आणि विधानसभेचं मतदान १७ला. भाऊ पुण्याहून आला होता, बरोबर भाची. ती यीस्टवर काम करते, म्हणजे तिच्या भाषेत "पावाच्या पिठाशी खेळते." ओवाळून झालं, फराळाची ताटं घेऊन बसलो आणि मी तिला माझी फजिती सांगितली. करंजी अर्धी तोंडात, अर्धी हातात, अशी ती हसली.

"आत्या! एन्झाइमला माहीत असतं? खरंच असं म्हणालीस?"

"म्हणाले. आता काय करतेस?"

"अगं, लोकांची आयुष्यं गेलीत या एका प्रश्नावर. लायसन्सिंग म्हणतात त्याला."

"लायसन्स? आरटीओचं?"

"तसंच समज. फक्त हे एकदा वापरलं की गेलं. आणि गाडी रस्त्यावर आली की आरटीओ बंद."

आई पलीकडून म्हणाली, "हिचं लायसन्स तर कधीचंच संपलंय," आणि विषय तिथेच मोडला. पण रात्री भाचीने पाच-सहा पीडीएफ माझ्या मोबाइलवर टाकल्या, आणि त्या मी वाचल्या तर कुठे? नेहरू स्टेडियममध्ये, निवडणुकीच्या सामानाच्या रांगेत.

माझी ड्युटी पीठासीन अधिकारी म्हणून लागली होती (महाराष्ट्रातल्या वाचकांनी केंद्राध्यक्ष वाचावं). १६ तारखेला सकाळपासून मंडपाखाली टेबलंच टेबलं, माइकवरून बूथ क्रमांकांचा पुकारा, आणि प्रत्येक मतदान पार्टी, म्हणजे एका बूथवरची माणसं, जमिनीवर सतरंजी टाकून आपापलं सामान मोजतेय. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट, हिरव्या कागदी सीलच्या पट्ट्या, लाख, मेणबत्ती, धातूची मोहर, सुतळी, शाईची बाटली, सतरा-सीचे फॉर्म. एकेक वस्तू यादीवर टिचकी मारून घ्यायची. आमच्या पार्टीतली एक बाई टाचण्यासुद्धा मोजत होती. तिला हसलो, पण दुसऱ्या दिवशी टाचण्या तिच्याकडेच होत्या.

बस लागायला दोन तास होते. मी सामानावर बसून मोबाइल उघडला.

पहिला कागद, म्हणजे शोधनिबंध, १९७०चा. पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन. त्यांनी हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी, घेतल्या आणि मेलेल्या सेंडाई विषाणूच्या मदतीने दोन-दोन पेशी एकमेकींत मिसळून टाकल्या, म्हणजे एकाच पिशवीत दोन केंद्रकं. एक पेशी नक्कल चालू असलेली. दुसरी कधी नक्कल सुरू व्हायच्या आधीची, कधी नक्कल आटोपलेली. आधीची असेल तर तिचं केंद्रक शेजाऱ्याचं बघून वेळेआधीच कामाला लागायचं. आटोपलेली असेल तर ढिम्म. एकाच पिशवीत, त्याच रसात बुडालेलं, शेजारी धडाक्यात नक्कल चालू, आणि हे केंद्रक हलत नाही.

म्हणजे "सुरू करा" हा हुकूम सगळ्या पिशवीत फिरत होता, पण तो मानायची तयारी एका केंद्रकात होती, दुसऱ्यात नव्हती. तयारी आणि हुकूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या सतरंजीवर बसून वाचलं आणि मान वर केली. समोर सगळं स्टेडियम तेच करत होतं. आज फक्त तयारी. प्रत्येक बूथला एक संच, मोहोरबंद, एकही मत न घेणारा. हुकूम उद्या सकाळी सातला, साऱ्या राज्यात एकदम. आणि आज संध्याकाळनंतर ही टेबलं राहणार नाहीत. उद्या दुपारी कोणी इथे येऊन म्हणालं की भिया, एक बूथ आणखी मांडायचाय, तर मंडपवाला कनात गुंडाळताना त्याच्याकडे बघेल, बस.

पेशीतली टेबलं कशी असतात ते सांगते. थोडं जवळून, कारण मला स्वतःला हाच भाग सगळ्यात आवडला.

आरंभस्थान हुडकून त्यावर बसणारं सहा प्रथिनांचं एक टोळकं असतं, ओआरसी. ते १९९२ मध्ये स्टीफन बेल आणि ब्रूस स्टिलमन यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बरला यीस्टमध्ये शोधलं. यीस्टच्या आरंभस्थानांवर अक्षरांचा एक ठरावीक क्रम असतो, पाटी लावल्यासारखा. माणसात तशी ठाम पाटी नाही, जिथे डीएनए मोकळा सापडेल तिथे हे टोळकं बसतं. मग सीडीसी-सिक्स नावाचं प्रथिन येऊन त्याला जोडलं जातं, आणि सीडीटी-वन नावाचं तिसरं आपल्यासोबत एक कडं घेऊन येतं. कडं म्हणजे एमसीएम, हेही सहा प्रथिनांचं. नाव कसं पडलं तर बिक-क्वून टाय यांच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात यीस्टचे असे वाण सापडले ज्यांना छोटंसं गुणसूत्र सांभाळता येत नव्हतं. पिढीगणिक हरवायचं. सांभाळणारी जी प्रथिनं बिघडली होती त्यांना त्या सांभाळण्याचंच नाव मिळालं: मिनिक्रोमोसोम मेन्टेनन्स, एमसीएम.

आईच्या पेचाच्या पाटल्या आहेत, सराफ्यात घडवलेल्या. मनगट मोठं, पाटली लहान, म्हणून एका जागी पेच. उघडायची, हातात घालायची, पेच फिरवून बंद. एमसीएमचं कडं असंच. सहापैकी दोन प्रथिनांच्या मधली फट उघडते, डीएनएची दुपेडी दोरी आत जाते, फट मिटते. मग दुसरं कडं त्याच जागी, पहिल्याच्या तोंडाला तोंड लावून. ही जोडी अशी समोरासमोर बसते हे २००९ मध्ये दोन प्रयोगशाळांनी दाखवलं. आता गंमत अशी की हे कडं म्हणजेच पुढे डीएनएचे दोन पेड उसवणारं यंत्र आहे, हेलिकेज. पण चढवलं तेव्हा ते निपचित असतं. दोरी न उसवलेली, दोन्ही पेड दोन्ही कड्यांतून आरपार, सगळं गप्प. सीलबंद कंट्रोल युनिटसारखं.

पेशीच्या जी-वन अवस्थेत, म्हणजे नक्कल सुरू व्हायच्या आधी, हजारो ठिकाणी ही कडी चढवून ठेवलेली असतात. याला परवाना मिळाला म्हणतात. हा शब्द १९८८चा, ज्युलियन ब्लो आणि रॉन लास्की यांचा. बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात त्यांनी केंद्रकं सोडून पाहिली. ती एकदा नक्कल करायची आणि थांबायची. केंद्रकाच्या पडद्याला भोकं पाडली की पुन्हा एकदा करायची. त्यावरून त्यांनी म्हटलं की परवाना देणारं काहीतरी बाहेर आहे, ते एरवी आत शिरत नाही, आणि आत असलेलं वापरून संपतं. पडद्याचा भाग पुढे जसाच्या तसा टिकला नाही. "वापरून संपतं" मात्र टिकलं.

कारण हुकूम आला की काय होतं? सीडीके आणि डीडीके नावाची कायनेजं (इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून चालू-बंद करणारी विकरं) वाढतात, सीडीसी-४५ आणि जिन्स असे साथीदार येऊन कड्यांना बिलगतात, प्रत्येक कडं एक पेड बाहेर टाकतं आणि एकाच पेडावर उरतं. मग दोन्ही कडी एकमेकींना ओलांडून उलट्या दिशांना निघतात, मागे नकला तयार होत जातात. मूळ जागी कडं उरत नाही. परवाना घेऊन ती निघून गेली.

आणि तोच सीडीके, ज्याने हुकूम दिला, तो परवान्याची खिडकीही बंद करतो. यीस्टमध्ये तो ओआरसीला लुळं करतो, सीडीसी-सिक्सचा नाश करवतो, एमसीएमला केंद्रकाबाहेर काढतो. प्राण्यांमध्ये शिवाय जेमिनिन नावाचा एक राखणदार आहे. तो सीडीटी-वनला मिठी मारून बसतो आणि सोडत नाही, आणि नक्कल चालू असताना उरलंसुरलं सीडीटी-वन पेशी मोडूनही टाकते. एवढे पहारे कशाला असा प्रश्न मलाही पडला. पण जेमिनिन काढून घेतलं की कित्येक पेशी झालेल्याच जागी पुन्हा सुरू होतात आणि डीएनए तुटायला लागतो, असं प्रयोगांत दिसलंय. एक कुलूप पुरत नाही म्हणून चार.

आता माझ्या चुकीकडे. मी "एन्झाइम को पता होता है" म्हणाले तेव्हा माझ्या मनात काय होतं, तर झालेल्या भागावर काहीतरी खूण राहत असणार. बोटावरच्या शाईसारखी. बसमध्ये शाईची बाटली मांडीवर घेऊन मी तेच म्हणत होते, हीच ती उपमा, सोमवारी वर्गात हीच द्यायची. आणि मग लक्षात आलं की नाही, उलटं आहे. पेशी झालेल्या जागेवर खूण करत नाही. न झालेल्या जागेवर परवाना असतो, आणि झाल्यावर तो नसतो. इतकंच. शाई लावायची तर लावणारा हवा, बघणारा हवा, प्रत्येक बोट वर करून तपासणारा हवा. इथे बघणारं कोणीच नाही आणि लागतही नाही. पुन्हा परवाना मिळण्याची वेळच ठेवलेली नाही.

१७ला पहाटे साडेपाचला मॉक पोल. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास खोटी मतं टाकायची, मोजून दाखवायची, मग सगळं पुसायचं, चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात बंद करायच्या आणि खऱ्यासाठी सील. आमच्या व्हीव्हीपॅटने अकराव्या मतालाच मान टाकली. स्क्रीनवर काहीबाही आकडे. सकाळचे पावणेसहा, दाराशी दोन म्हातारे आत्ताच रांगेत. सेक्टर अधिकाऱ्याला फोन लावला, तो पंचवीस मिनिटांत गाडीतून राखीव यंत्र घेऊन आला आणि सातच्या ठोक्याला आम्ही सुरू. संध्याकाळी त्याने सांगितलं की गाडीतली बाकीची यंत्रं जशी आली तशीच परत चालली.

रात्री भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ही बघ, तुझी डॉर्मंट ओरिजिन्स. झोपलेली आरंभस्थानं." ते त्या पीडीएफमध्ये होतं, मी घाईत सोडलं होतं. पेशी लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त जागी कडी चढवते, आणि बऱ्याचशा जागा कधी सुरूच होत नाहीत. शेजारून येणारी नक्कल त्यांच्यावरून निघून जाते आणि ते बिनवापराचं कडंही उतरतं. २००७-०८च्या सुमारास ब्लो यांच्या आणि आणखी एका गटाने मानवी पेशींतला एमसीएम बराच कमी करून पाहिला. नेहमीच्या दिवशी पेशींना फारसं काही झालं नाही. नक्कल अडखळेल असं औषध घातलं तेव्हा मात्र त्या ढासळल्या, कारण अडलेल्या यंत्राच्या पलीकडे उठून काम धरायला राखीव कोणी उरलं नव्हतं. आणि राखीव असावं लागतं ते आधीच तिथे बसलेलं. नक्कल सुरू झाल्यावर नवीन कडं चढत नाही, खिडकी बंद आहे.

एका कागदाने मात्र मला अस्वस्थ केलं. मायर-गोर्लिन सिंड्रोम नावाचा एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. मुलांची उंची फार कमी, कान अगदी लहान, आणि गुडघ्याची वाटी लहान किंवा नाहीच. २०११ मध्ये कळलं की यातल्या अनेक मुलांच्या ओआरसीच्या, सीडीसी-सिक्सच्या किंवा सीडीटी-वनच्या जनुकात दोष असतो. म्हणजे टेबलांवर माणसं कमी. परवाने मिळतात, पण रखडत. गुडघ्याची वाटीच का, कान का, हे मी बराच वेळ विचार करत बसले. मी आजवर हे सगळं फळ्यावरच्या वेटोळ्यांत बघत आले होते, आणि इथे कोणाचं तरी मूल होतं.

संध्याकाळी सहाला दार बंद केलं. रांगेतल्या शेवटच्या चौघांना मागून पुढे चिठ्ठ्या वाटल्या, त्यांची मतं झाली, आणि मी कंट्रोल युनिटवरचं क्लोजचं बटण दाबलं. पुढे बॅलटचं बटण कितीही दाबा, यंत्र मत घेत नाही. आमच्या टाचणीवाल्या बाईने गंमत म्हणून दाबून पाहिलं. मी ओरडले तिला, पण मलाही बघायचं होतं.

सोमवारी वर्गात गेले आणि आधी कबूल केलं की मागच्या महिन्यात मी चुकीचं सांगितलं होतं. मुलांना शिक्षक चुकलेला आवडतो, सगळे जागे झाले. स्टेडियम, पाटली, खिडकी, सगळं सांगितलं, बराचसा हिंदीत. पस्तीस मिनिटं गेली, मायटोसिस तसाच राहिला. तिसऱ्या बाकावरची मुलगी शेवटी म्हणाली, "तो मॅम, खिडकी फिर खुलती कब है?"

हे मात्र मी वाचून गेले होते. विभाजन पुरं झाल्यावर. गुणसूत्रं दोन्हीकडे वाटली गेली की सीडीके कोसळतो, जेमिनिनचा फडशा पडतो, सीडीटी-वन मोकळं होतं आणि दोन्ही लेकी-पेशींत टेबलं पुन्हा मांडली जातात. ज्या पेशींना पुढे विभागायचंच नसतं त्या टेबलंच मोडून टाकतात, मेंदूतल्या चेतापेशींसारख्या.

ड्युटीवाल्यांचं मत टपाली मतपत्रिकेवर, त्यामुळे माझ्या बोटाला शाई लागलीच नव्हती. आईच्या लागली होती, डाव्या तर्जनीला, नखाच्या मुळाशी आणि थोडी कातडीवर. कातडीवरची दहा-पंधरा दिवसांत गेली. नखावरची राहिली. तिची नखं मीच कापते, दर दुसऱ्या रविवारी, गॅलरीत उन्हाला बसवून. डिसेंबरात काळी रेघ मुळापासून सुटलेली दिसली, खाली गुलाबी नवं नख. संक्रांतीला रेघ मध्याकडे सरकलेली. मुळाशी पेशी विभागतायत आणि जुन्या पुढे ढकलतायत, एवढंच ते. पण प्रत्येक विभागणीआधी आत हजारो कडी चढत असणार, या विचाराने मी नेलकटर हातात धरून जरा थांबायचे, आणि आई म्हणायची, "कापतेस का नुसती बघतेस?"

रंगपंचमीच्या सुमारास रेघ टोकाशी आली. राजवाड्याकडून गेरचे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचे, ढोल ऐकू येत होते आणि मी तो काळा तुकडा कापला. मे महिन्याच्या १३ला लोकसभेचं मतदान. आई केंद्रावरून परत आली आणि बोट माझ्यासमोर धरलं. तेच बोट, तेच नख, अगदी मुळाशी ओली जांभळट रेघ.

"घे," म्हणाली, "बस आता बघत."